कोल्ड ब्रू कडू आणि गढूळ का होतो? घड्याळ बाजूला ठेवा, दळण बघा

कोल्ड ब्रूबद्दल, म्हणजे गार पाण्यात तासनतास भिजवून केलेल्या कॉफीबद्दल, इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देतो: “घरात फिल्टर कॉफीची पावडर असते. तीच चार मोठे चमचे एक लिटर पाण्यात घालून रात्रभर ओट्यावर ठेवली. पांचट झाली. पुढच्या वेळी २४ तास ठेवली, मग ३६. आता कडू होते, तळाशी गाळ राहतो, आणि एकदा तर आंबूस वास आला. दूध घातलं की चवच लागत नाही. नेमके किती तास ठेवायची? की सरळ मशीन घेऊ? आणि सासऱ्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांना ही कॉफी चालते असं ऐकलं, ते खरं का?”

ताई, विचारलंत तासांबद्दल, पण तुमची अडचण तासांची नाहीच. तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत: पांचट, कडू, गढूळ, आंबूस. बरणी एकच असली तरी प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. पांचट झाली ती पूड कमी पडली म्हणून. कडू आणि गढूळ झाली ती पूड बारीक होती म्हणून. आंबूस झाली ती आपल्याकडच्या उन्हाळ्यामुळे. तुम्ही प्रत्येक वेळी उपाय एकच केलात, तास वाढवले. त्याने पांचटपणा फारसा गेला नाही, कडवटपणा वाढला, आणि एकदा बरणीच नासली.

मी इंदुरात छोट्या भट्टीवर कॉफी भाजतो आणि उन्हाळ्यात काही कॅफेंना कोल्ड ब्रूचा अर्क करून देतो. खालचं सगळं त्या कामातून आलेलं आहे. पण माझं पाणी, माझी दळायची गिरणी आणि माझा फ्रीज तुमच्याकडे नाही. तुम्ही काळी पिता की दुधाची, मिक्सर कसला आहे, नळाला नर्मदेचं पाणी येतं की बोअरचं, यावर थोडं इकडेतिकडे होणारच. कुठे होईल ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

आधी तासांचं मिटवू. गरम पाणी कॉफीतून जे दोन-चार मिनिटांत काढतं ते काढायला गार पाण्याला तास लागतात, हे खरं. पण म्हणून जितके तास जास्त तितकी कॉफी कडक, असा हिशोब लागत नाही. मेगन फुलर आणि निनी राव या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१७ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली. कोल्ड ब्रूमधलं कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्ल (कॉफीत मुळातच असणारं एक आम्ल) यांचं प्रमाण ६ ते ७ तासांत जिथे पोचायचं तिथे पोचतं आणि मग स्थिरावतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमच्या ३६ तासांतले पहिले सात सोडले तर उरलेल्या वेळात कॉफीला वेगळा जोर आलेला नाही.

चव मात्र त्यानंतरही बदलत राहते. माझ्या जिभेला जाणवतं ते असं: गोडसर, हलका भाग आधी उतरतो. जड, लाकडासारखा, जीभ कोरडी करणारा भाग मागून रेंगाळत येतो, आणि पूड बारीक असली तर जरा जास्तच येतो. फ्रीजच्या थंडाव्यात हे सगळं आणखी सावकाश चालतं, म्हणून तिथे मी १६ तास धरतो. १४ ला गाळली तरी बिघडत नाही, १८ ला गाळली तरी फारसा फरक कळत नाही. २४ च्या पुढे मी नेत नाही. संध्याकाळी पाचला भिजत घातली की सकाळी नऊला पोहे झाल्यावर गाळायला घ्यायची, इतकं साधं वेळापत्रक पुरतं.

आता पांचटपणा. मोठा चमचा सपाट भरला तर कॉफीची पूड साधारण ५-६ ग्रॅम बसते. तुमचे चार चमचे म्हणजे फार तर २५ ग्रॅम, आणि पाणी एक लिटर. एका भागाला चाळीस भाग पाणी झालं. साध्या गरम काळ्या कॉफीलाही आम्ही एकास पंधरा-सोळा धरतो. पुडीत मुळात जेवढं आहे त्याहून जास्त निघणार कुठून? तुमची कॉफी आठवडाभर भिजवली असती तरी पांचटच राहिली असती.

घरासाठी मी नेहमी घट्ट अर्क करायला सांगतो: १०० ग्रॅम पूड, ७०० मिली पाणी. पूड स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पिऊन बसते आणि ते परत देत नाही, त्यामुळे हाताशी ५०० मिलीच्या आसपास अर्क येतो. प्यायच्या वेळी ८० मिली अर्कात १२० मिली गार पाणी आणि बर्फ. एवढ्यात सहा ग्लास होतात. बर्फ भरपूर घालणार असाल तर पाणी १०० मिलीच घाला, बाकीचं काम बर्फ वितळून करतो. थेट प्यायच्या जोगी पातळ कॉफीही भिजवता येते, एकास चौदाच्या हिशोबाने. पण मग फ्रीजमध्ये मोठं पातेलं ठेवावं लागतं, त्यात बर्फ पडला की ती आणखी पातळ होते, आणि दुधाची तर होतच नाही. अर्काची एक बाटली फ्रीजच्या दारात उभी राहते आणि घरात ज्याला जशी हवी तशी करून घेतो.

हे सगळं चमच्याने जमत नाही. जाडसर पूड आणि बारीक पूड यांचा एकच चमचा वेगवेगळ्या वजनाचा भरतो, भाजणीनेही फरक पडतो. मशीनचा विचार करण्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. भाकरीच्या पिठापासून श्रीखंडाच्या साखरेपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो, कपाटात पडून राहत नाही.

आता तुमच्या फिल्टर कॉफीच्या पुडीकडे येऊ. पाकीट उलटं करून बघा, चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी ही एका झाडाच्या मुळांची भाजलेली पूड. शेजारच्या गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. तिच्यात कॅफीन नसतं. ती गार पाण्यातही चटकन विरघळते, पाण्याला काळा रंग आणि दाटपणा देते, आणि जळक्या साखरेसारखा कडवटपणाही. १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम चिकोरी असेल तर तुमची कॉफी उरली ६० ग्रॅम, आणि रंग मात्र असा की बघणाऱ्याला वाटावं काय कडक झालीय. जिभेला पांचट आणि कडू एकाच वेळी लागण्याचं हे एक कारण.

मी चिकोरीला नावं ठेवणाऱ्यांतला नाही. गरम दुधाच्या कॉफीत तिचं काम चोख असतं, आणि अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सकडे तर चिकोरी घालूनच गार कॉफी भिजवतात. पण ते प्रमाण बेतून घातलेलं असतं. शिवाय फिल्टरची पूड मुळातच बारीक दळलेली असते, कारण पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधून उकळतं पाणी तिच्यातून थेंबाथेंबाने उतरायचं असतं. तिला रात्रभर पाण्यात डुंबवली की बारीक कण जाळीतून, कापडातून, सगळीकडून निसटतात. म्हणून ती पूड सकाळच्या गरम कॉफीसाठीच राहू द्या, आणि कोल्ड ब्रूसाठी बिनचिकोरीचे भाजलेले दाणे वेगळे आणा.

कोणते दाणे? इथे आवडीचा प्रश्न येतो, तरी माझं मत सांगतो. चिकमगळूर किंवा कूर्गकडची अरेबिका (कॉफीची सौम्य चवीची जात), मध्यम किंवा मध्यमहून थोडी गडद भाजलेली. पाकिटावर ‘प्लांटेशन ए’ असं दिसलं तर ती फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली अरेबिका. ‘चेरी’ असं दिसलं तर फळासकट वाळवलेली. कोल्ड ब्रूला दोन्ही चालतात. पहिलीची चव स्वच्छ, दुसरीत गोडवा आणि दाटपणा जास्त. आंबटपणा अजिबात नको असेल तर ‘मान्सून्ड मलबार’ घेऊन बघा. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारं लागू देऊन हे दाणे फुगवलेले असतात आणि त्यात त्यांचा आंबटपणा बराच उतरतो. दूध घालूनच पिणार असाल तर पाचवा हिस्सा चांगली रोबस्टा, म्हणजे कॉफीची कडक चवीची जात, मिसळा, ती दुधात हरवत नाही. फार फिकट भाजलेले, फळाफुलांच्या वासाचे महागडे दाणे यासाठी आणू नका. त्यांच्यात जे मोलाचं आहे ते गार पाण्यात नीट उतरतच नाही, पैसे जातात आणि हाती आंबट पाणी येतं. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का तेवढं पाहा. आठवडा ते महिना झालेला असला की उत्तम.

दुकानदार दळून देत असेल तर “कोल्ड ब्रूसाठी, सगळ्यात जाड” एवढं सांगा. घरी दळायचं तर कण लापशीच्या रव्याएवढे हवेत. मिक्सरवर हे जमतं, फक्त बटण दाबून धरायचं नाही. चटणीचं छोटं भांडं एक तृतीयांश भरा, एक-दोन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा एक-दोन सेकंद. पाच-सहा वेळा असं केलं की पुरे. भांडं तापू देऊ नका, तापलं की कॉफीचा वास स्वयंपाकघरात जातो, ग्लासात येत नाही.

मिक्सरची खरी खोड अशी की तो काही कण जाड ठेवतो आणि काहींचं पीठ करतो. ते पीठच गढूळपणाचं आणि बऱ्याचशा कडवटपणाचं मूळ. त्यावर सोपा इलाज आहे: दळलेली कॉफी मैद्याच्या चाळणीतून चाळा. जे खाली पडेल ते डबीत भरून ठेवा, त्याची गरम कॉफी छान होते. जे वर राहील ते कोल्ड ब्रूसाठी. चाळल्यावर वजन करायचं, आधी नाही. मिक्सरनुसार अगदी दहावा हिस्साही खाली जाईल किंवा चौथाही. फार जास्त जात असेल तर भांडं कमी भरा. या एका पायरीने जितका फरक पडतो तितका कुठल्याही महागड्या बरणीने पडत नाही.

पाण्याबद्दल थोडं. कॉफीच्या जगात पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत असं मानतात. आरओचं पाणी बहुतेक घरांत याच्या बरंच खाली असतं, त्यात कॉफी सपक लागते. बोअरचं पाणी बरंच वर असतं, ते कॉफीतलं आम्ल मारून टाकतं आणि चव मातकट होते. नर्मदेचं पाणी येत असेल तर ते उकळून, पूर्ण गार करून, गाळून घ्या. फक्त बोअर असेल तर आरओचं पाणी घ्या, आणि यंत्रावर क्षार कमी-जास्त करायची सोय असली तर थोडे वाढवून. यापेक्षा जास्त डोकं घरच्या कॉफीला लावू नये. पाणी उकळून घ्यायचं कारण चव नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. गरम कॉफीत पाणी आपोआप उकळलं जातं, इथे ते कुठेच उकळत नाही. पाण्यात जे असेल ते तसंच तुमच्या ग्लासात येणार.

त्यावरूनच आंबूस वासाकडे येतो, कारण तुमच्या चार तक्रारींत खरी काळजीची हीच आहे. परदेशातल्या बहुतेक कृतींत “रात्रभर बाहेर ठेवा” असं लिहिलेलं असतं. त्यांची ‘बाहेर’ म्हणजे वीस-बावीस अंशांची खोली. आपण इंदूरकर शब-ए-मालव्याचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक सांगतो आणि हिवाळ्यात ते शंभर टक्के खरं असतं, पण मे महिन्यात दिवसभर तापलेल्या भिंतींचा स्वयंपाकघरातला ओटा रात्री दहालाही तिशीच्या वरच असतो. कॉफीचं आम्ल सौम्य असतं, पीएच पाचच्या आसपास (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट). जंतूंना रोखून धरायला तेवढं पुरत नाही. लोणचं बाहेर टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणाच्या जोरावर. कोल्ड ब्रूकडे यातलं काही नाही. म्हणून होळी झाली की दिवाळीपर्यंत भिजवणं फ्रीजमध्येच करा. डिसेंबर-जानेवारीत ओट्यावर १२ तास ठेवायला माझी हरकत नाही, पण तेव्हाही गाळल्याबरोबर फ्रीजमध्ये.

ज्या बरणीला वास आला ती तुम्ही फेकून दिली असेल अशी आशा आहे. नसेल तर फेका. साखर घालून, उकळून, दुधात मिसळून ती सुधारत नाही. आणि अर्काची बाटली घट्ट झाकून दोन दिवस बाहेर विसरणं, किंवा “प्रवासात चालेल” म्हणून पिशवीत टाकून भोपाळला नेणं, असले प्रकार नकोत. कमी आम्लाचा पदार्थ हवाबंद करून कोमट ठेवणं हे वास न येताही धोक्याचं असू शकतं. पाच अंशांच्या खाली, स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्क आठवडाभर ठीक राहतो. पाणी घालून पातळ केलेला दोन दिवस. दूध घातलेला त्याच दिवशी संपवायचा.

आता भिजवायची कृती, ती फार नाही. काचेची रुंद तोंडाची बरणी उकळत्या पाण्याने विसळून घ्या. चाळलेली १०० ग्रॅम पूड घाला. आधी २०० मिली पाणी ओतून लांब चमच्याने हलवा, सगळी पूड ओली झाली पाहिजे, कुठे कोरडी गुठळी राहायला नको. मग उरलेलं ५०० मिली पाणी. पूड वर तरंगेल. ताजी भाजलेली असेल तर फेसही येईल, तो आतल्या वायूचा असतो, घाबरायचं कारण नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा हलवा, झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तिच्याकडे बघू नका. मध्येमध्ये हलवल्याने लवकर होते हे खरं, पण गाळही तितकाच उठतो. घाई नसेल तर हात लावू नये हेच बरं.

गाळण्यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि तिथेच केलेलं वाया जातं, म्हणून हे जरा निवांत सांगतो. पहिल्यांदा चहाच्या मोठ्या स्टीलच्या गाळणीतून जाड चोथा वेगळा करा. मग सुती मलमलीचं कापड दुहेरी करून त्यातून गाळा. क्लॉथ मार्केटात कोरी मलमल मीटरवर मिळते, अर्धा मीटर बराच काळ पुरते. चक्का टांगायचं फडकं यासाठी वापरू नका, कितीही धुतलं तरी त्याला दह्याचा वास राहतो आणि कॉफी तो पटकन उचलते. नवं कापडही आधी साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाका. नंतर प्रत्येक वेळी नुसत्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, साबणाची पूड नको.

कापडात चोथा उरला की हात शिवशिवतात, पुरचुंडी करून पिळावी असं वाटतं. पिळू नका. शेवटचे पन्नास मिली हवेत म्हणून पिळाल आणि सगळे बारीक कण दाबून अर्कात उतरवाल. कापड गाळणीत तसंच अर्धा तास राहू द्या, जे निथळायचं ते आपोआप निथळेल.

एवढं करून अर्क बाटलीत भरला आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये स्थिर ठेवला की तळाशी पातळ साका बसतो. वरची निवळ अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या, तळचं बोटभर सोडून द्या. बहुतेक घरांना इतकं पुरतं. अगदी आरपार स्वच्छ हवा असेल तर ही निवळ कागदी फिल्टरमधून काढा. कागद आधी पाण्याने ओला करून घ्यायचा, नाहीतर त्याचा वास लागतो. कापडाची पायरी वगळून थेट कागदावर ओतलंत तर कागद तुंबतो आणि तुम्ही तासभर थेंब मोजत उभ्या राहाल.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बिनचिकोरीचे दाणे, जाड दळण, चाळून १०० ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी ७०० मिली, फ्रीजमध्ये १६ तास, गाळणी, मलमल, निवळ. पहिल्यांदा असंच करा, काहीही न बदलता. मग चव बघून एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबटसर आणि पोकळ लागली तर पूड किंचित बारीक करा. घशाला कोरडी लागली तर किंचित जाड. नुसतीच फार कडक वाटली तर काहीही बदलू नका, ग्लासात पाणी वाढवा.

दुधाचं आता सोपं आहे. तुमचं दूध चवीला भारी पडत होतं कारण कॉफीच पातळ होती. ८० मिली अर्काला ८० ते १०० मिली गार दूध घाला, वेगळं पाणी नको. पिशवीतलं फुल क्रीम तापवून, गार करून, साय गाळून घ्या, नाहीतर सायीचे कण बर्फाभोवती चिकटतात. बर्फाने पातळ होतेच असं वाटलं तर थोडा अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचेच खडे दुधात टाका. मुलांना तो प्रकार फार आवडतो, म्हणून जपून ठेवा, कॅफीन त्यातही आहेच.

साखर गार कॉफीत चटकन विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट सरबत होतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करून पाक बाटलीत भरून ठेवा. आणि जायफळ हवं असेल तर ते या पाकात किसून घाला, गरम असतानाच. आपल्या घरांतल्या कॉफीला जायफळाशिवाय कॉफी म्हणवत नाही हे मला ठाऊक आहे, पण ते भिजणाऱ्या बरणीत टाकू नका. जायफळाचा सुगंध तेलात असतो, गार पाण्यात तो नीट उतरत नाही, उतरतो तो तुरटपणा. गरम पाकात चिमूटभर किसलेलं अर्धा तास मुरवून गाळलं की काम होतं. वेलदोड्याचंही तसंच. कॅफेवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा ते तोंड वाकडं करतात, पण मराठी गिऱ्हाईक तोच ग्लास पुन्हा मागतं.

सासऱ्यांच्या पित्ताबद्दल मात्र जपून बोलतो. कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसतंच अशी जाहिरात सर्रास होते. फुलर आणि राव याच दोन संशोधकांनी २०१८ साली गरम आणि गार कॉफीचं आम्ल शेजारी ठेवून तपासलं. दोन्हींचा पीएच जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. एकूण आम्लाचं प्रमाण गरम कॉफीत जास्त होतं, एवढा फरक जरूर होता. म्हणजे जिभेला सौम्य लागते हे खरं, पोटाला सौम्यच पडेल याची हमी त्यातून मिळत नाही. शिवाय काहींचं पित्त आम्लापेक्षा कॅफीनने चाळवतं, आणि ते इथे भरपूर असतं.

किती, त्याचा ढोबळ अंदाज देतो. भाजलेल्या अरेबिकात कॅफीन साधारण सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. १०० ग्रॅम अरेबिकाच्या अर्कातून ८० मिली अर्क घातलेल्या एका ग्लासात १०० ते १५० मिलिग्रॅम येतं असं धरून चाला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलं आहे. म्हणजे निरोगी माणसाने दोन ग्लास झाले की थांबायचं, गरोदर बाईने एकावरच. गार आणि गोड असल्याने ती ताकासारखी घटाघट प्यायली जाते, तिथेच फसगत होते. सासऱ्यांना द्यायचीच तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, ४० मिली अर्क दुधात घालून, दुपारी चारच्या आत. रिकाम्या पोटी नको. त्रास झाला तर त्यांच्यासाठी तो विषय बंद करा, कॉफी सुधारत बसू नका.

एक शक्यता राहून जाते. तुम्हाला कोल्ड ब्रू हवाच आहे, की नुसती गार काळी कॉफी? कोल्ड ब्रूची चव चॉकलेट, गूळ, भाजलेले दाणे या बाजूची असते, त्यात ताजा सुगंध कमीच. सुगंध हवा असेल आणि कागदी फिल्टरचा शंकू घरात असेल तर २० ग्रॅम मध्यम दळलेल्या कॉफीवर १८० मिली गरम पाणी सावकाश ओता आणि खालच्या भांड्यात १२० ग्रॅम बर्फ ठेवा. पाच मिनिटांत गार, सुवासिक कॉफी तयार होते, रात्रभर थांबायला नको. आधी म्हटलेले महागडे फिकट दाणे इथे शोभतात.

राहिलं मशीन. बाजारात कोल्ड ब्रूची म्हणून जी भांडी मिळतात ती बहुतेक एक बरणी आणि तिच्यात बसणारी जाळी एवढीच असतात. उचलून चोथा फेकायला सोयीची, पण जाळीतून बारीक कण येतातच, मलमल चुकत नाही. ज्यांना रोज करायचं आहे आणि वेळ कमी आहे त्यांनी जरूर घ्यावी. तुमच्याकडे खर्चायला तेवढेच पैसे असतील तर ते हाताने फिरवायच्या सिरॅमिक किंवा पोलादी दात्यांच्या कॉफी गिरणीत घाला, तिचे कण मिक्सरपेक्षा पुष्कळ सारखे येतात आणि चाळणीचं काम जवळपास संपतं. पण तीसुद्धा लगेच नको. मिक्सर, चाळणी आणि काटा यांवर आधी करून बघा. तरी कडू किंवा गढूळ झाली तर चाळल्यावर पूड किती ग्रॅम होती, चाळणीखाली किती गेली आणि बरणी कुठे किती तास ठेवली होती, हे लिहून कळवा. दाण्यांच्या पाकिटावर जे छापलं आहे तेही. त्यावरून कुठे बिनसलं ते सांगता येईल.